११८ एनईला वेबरची जोडी: व्हेंच्युरी, जेट आणि ई-२०

कार्ब (कार्ब्युरेटर, इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण करून देणारा भाग) निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न चुकीचा विचारतात. "चाळीसचा घालू की पंचेचाळीसचा?" हा तो प्रश्न. चाळीस किंवा पंचेचाळीस हे बटरफ्लायच्या, म्हणजे पाय दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, जागचं भोक आहे, मिलिमीटरमध्ये. इंजिनाला त्याचं फारसं पडलेलं नसतं. इंजिनाला कळते ती त्याच्या अलीकडची अरुंद गळ्याची नळी, म्हणजे व्हेंच्युरी. हवा तिथून किती वेगाने जाते यावर पेट्रोल किती ओढलं जाईल, किती बारीक तुषार होतील आणि पाय दाबल्यावर गाडी लगेच उचलेल की आधी घुटमळेल, हे सगळं ठरतं. त्यामुळे आधी व्हेंच्युरी ठरवायची, मग ती ज्यात बसेल तो कार्ब घ्यायचा.

माझी गाडी प्रीमियर ११८ एनई. फियाट १२४ ची बॉडी, निसानचं ए१२ इंजिन, जुळणी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. १९८५ च्या सुमारास ही गाडी आली तेव्हा पद्मिनी चालवणाऱ्यांना ती विमानासारखी वाटली होती, हे मी घरातल्या मोठ्यांकडून ऐकत आलोय. इंजिन ११७१ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ७०. कंपनीतून निघताना ताकद बावन्न अश्वशक्तीच्या आसपास. आकडा छोटा आहे, पण हे इंजिन मुळात फार सशक्त बांधलेलं आहे: क्रँकला पाच बेअरिंग, स्ट्रोकपेक्षा बोअर मोठा, ॲल्युमिनियमचं हेड आणि चारही सिलिंडरची इनलेट पोर्टं वेगवेगळी. निसानने १९७० मध्ये जपानात सनी १२०० जीएक्ससाठी याच इंजिनाला दोन कार्ब लावले, तेव्हा जपानी मोजणीने ताकद ६८ वरून ८३ वर गेली. म्हणजे हेडमध्ये श्वास घ्यायची जागा आहे. आपल्याकडे आलेल्या इंजिनाच्या तोंडावर मात्र काटकसरीचा दोन-नळीचा कार्ब होता. त्या काळातल्या पेट्रोलच्या भावाला तो योग्यच होता.

आमच्या कोल्हापुरात गाडी वेगात पळवायचं वेड जुनं आहे, आणि तेवढंच जुनं वेड आहे ते हाताने काहीतरी बनवायचं. माझा व्यवसाय मशीनशॉपचा. त्यामुळे ११८ एनईला वेबरची जोडी लावायचं ठरलं तेव्हा मॅनिफोल्ड (कार्ब आणि हेड जोडणाऱ्या नळ्यांचा भाग) बाहेरून मागवायचा विचार मनातच आला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये याच इंजिनाच्या डॅटसन १२०० वाल्यांसाठी असे मॅनिफोल्ड मिळतात. पण शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत फौंड्र्याच फौंड्र्या असताना चार नळ्यांचं ॲल्युमिनियम ओतून घ्यायला परदेश कशाला?

कार्ब मात्र खरेच हवे होते. वेबर ४० डीसीओई, आडव्या तोंडाचे, अंगावर बोलोन्याचा शिक्का असलेले. एदोआर्दो वेबर हा तोरिनोचा माणूस. बोलोन्याला फियाटच्या नोकरीत होता आणि १९२३ मध्ये तिथेच त्याने स्वतःचा कारखाना काढला. सुरुवातीची त्याची कमाई फियाट गाड्यांना पेट्रोल वाचवणारे कार्ब लावून देण्याची होती. पुढे त्याचेच दोन-नळीचे कार्ब अल्फा रोमिओ आणि मासेरातीच्या रेसच्या गाड्यांवर गेले. १९४५ च्या मे महिन्यात, युद्ध संपता संपता, तो माणूस नाहीसा झाला आणि पुन्हा सापडला नाही. १९५२ मध्ये कंपनी फियाटच्या ताब्यात गेली. बोलोन्यातलं उत्पादन नंतर स्पेनला हललं. बाजारात आज या कार्बच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला ढिगाने मिळतात. त्यांच्यातल्या जेटांची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्यांची, भोकं मी पिन गेजने तपासली आहेत. एकाच आकड्याचे चार जेट चार मापांचे निघतात. ट्युनिंग म्हणजे मिलिमीटरच्या पाच शतांशाच्या फरकावर काम करणं, तिथे जेटवरच्या आकड्यावरच विश्वास नसेल तर पुढचं सगळं वाया. बॉडी नक्कल असली तर एक वेळ चालवून घ्या, जेट मात्र अस्सलच घ्या.

आता व्हेंच्युरी. आमच्याकडे येणारा एक तरुण रॅलीवाला मला सारखा म्हणायचा, "दादा, पंचेचाळीस घाला की, छत्तीसची व्हेंच्युरी बसते त्यात. चाळीस कशाला?" त्याला मी कागदावर गणित मांडून दाखवलं. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर २९३ सीसीचा. साडेसहा हजार आरपीएमला, ओढायच्या स्ट्रोकपुरतं पाहिलं तर, ३० मिमीच्या व्हेंच्युरीतून हवा सेकंदाला सरासरी नव्वद मीटरच्या आसपास जाते. हे ठीक आहे. पण तेच इंजिन दोन हजारावर असताना वेग येतो अठ्ठावीस मीटरवर. आणि व्हेंच्युरी छत्तीसची केली तर एकोणीसवर. पेट्रोल ओढणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणजे ३० च्या जागी ३६ घातली की तेवढ्याच हवेला पेट्रोलवरची ओढ निम्म्याहूनही कमी होते. गगनबावड्याच्या घाटात वळणातून बाहेर पडताना गाडी दोन-अडीच हजारावर असते. तिथे ३६ वाला पाय दाबेल आणि वाट बघत बसेल.

मी शेवटी ३० सुद्धा नाही, २८ निवडली. २८ ला ३० पेक्षा ओढ तीसेक टक्के जास्त मिळते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सौम्य आहे, इंजिन सहा हजाराच्या वर मी क्वचित नेतो, गाडी रस्त्यावरही चालवायची आहे. वरच्या टोकाला दोन-तीन अश्वशक्ती गेली असेल, पण अडीच ते पाच हजारात जी भरीव ओढ मिळाली त्यापुढे त्याचं मला काहीच वाटत नाही. निव्वळ ट्रॅकची गाडी असेल, कॅम तिखट असेल, तर ३० किंवा ३२ घाला. तीच बॉडी राहते, फक्त आतली नळी बदलते. वेबरचं मोठेपण याच गोष्टीत आहे. त्याच्यातलं जवळपास सगळं काढून बदलता येतं.

मॅनिफोल्डचं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याच्यावर कोणी लिहीत नाही. ए१२ ला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, वर-खाली आहेत. त्यामुळे कार्ब थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर येतात. नळ्या हेडकडे पाच अंश उताराच्या ठेवल्या, म्हणजे ओलं मिश्रण कार्बकडे परत वाहत नाही. ओतकामाच्या साच्यासाठीचा लाकडी पॅटर्न उद्यमनगरातल्या एका जुन्या पॅटर्नवाल्या अण्णांनी केला. मी रेखाटनात नळीची भिंत चार मिलिमीटर धरली होती. अण्णांनी कागद बघितला, पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "एवढी पातळ धरलीस तर धातू टोकाला पोचायच्या आत थिजतोय की रं. सहा धर, नंतर तुझ्या मिलिंगवर काय काढायचं ते काढ." सहा धरली. कोअर, म्हणजे नळीची पोकळी राखणारे गाभे, वाळूचे, चार वेगळे, आणि चारही नळ्यांची लांबी सारखी. ओतून आल्यावर हेडकडचं तोंड पोर्टच्या पॅकिंगशी ताडून हाताने घासलं. पॅकिंग नळीच्या आत किंचितही डोकावता कामा नये.

कार्ब मॅनिफोल्डला घट्ट आवळून बसवायचे नसतात, ही गोष्ट आपल्याकडे फार जणांना माहीत नसते. चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर वरच्या आरपीएमला फ्लोटच्या टाकीत (कार्बमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीत) पोचते आणि पेट्रोलला फेस येतो. फेस आला की पातळीचा ठिकाणा राहत नाही आणि साडेपाच हजाराच्या पुढे गाडी विनाकारण मिसिंग करायला लागते. मग माणूस जेट बदलत बसतो. म्हणून मध्ये रबराच्या ओ-रिंगची प्लेट आणि नटाखाली थॅकरे वॉशर, ते दोन वेढ्यांचे स्प्रिंगसारखे वॉशर असतात ते. वेढ्यांमध्ये फीलर गेजने अर्धा मिमी फट राहील इतकंच आवळायचं. कार्ब हाताने हलवला तर किंचित डुलला पाहिजे.

ट्युनिंगला हात लावायच्या आधी बाकीचं इंजिन निर्दोष करून घ्या. टॅपेट गरम इंजिनावर ०.३५ मिमी, पॉइंट किंवा इलेक्ट्रॉनिक जे असेल ते नीट, टायमिंग लाइटने बघितलेलं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं. पेट्रोलचा दाब तीन पीएसआयच्या आसपास. बाजारातले इलेक्ट्रिक पंप याच्या दुप्पट दाब देतात आणि टाकीत पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह तो अडवू शकत नाही, तेव्हा रेग्युलेटर लागतोच. मग फ्लोट, टाकीतली पातळी राखणारा तरंगता भाग. कव्हर उभं धरायचं, फ्लोटची जीभ नीडलच्या गोळीला नुसती टेकलेली, गोळी दबलेली नाही, अशा स्थितीत पॅकिंगपासून पितळी फ्लोटपर्यंत ८.५ मिमी. प्लास्टिकच्या फ्लोटचं माप वेगळं असतं. हे माप एक मिमीने चुकलं तरी नंतरचे सगळे जेट खोटं बोलतात.

रस्त्यावरच्या गाडीत सगळ्यात महत्त्वाचा जेट मेन नाही, आयडलचा आहे. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. साधारण तीन हजार आरपीएमपर्यंत, पाय हलका असताना, गाडी आयडल जेट आणि बटरफ्लायच्या कडेजवळच्या बारीक प्रोग्रेशन होल्सवरच चालते. गावात फिरणं, हायवेवर सत्तरने जाणं, सगळं त्याच्यावर. म्हणून स्लो (पाय न लावता इंजिन चालतं तो वेग) वाढवायला थ्रॉटलचा स्क्रू दाबत जाऊ नका. बटरफ्लाय त्या होल्सच्या पुढे सरकली की स्लोलाच प्रोग्रेशनचं पेट्रोल यायला लागतं आणि पाय दाबताच मध्ये खड्डा पडतो. स्क्रू टेकल्यापासून अर्धा ते एक फेरा, त्याहून जास्त लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे: टायमिंग, हवेची गळती किंवा आयडल जेट लहान. मिश्रणाचे चार स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवून सुरुवात करायची. एकेक स्क्रू आत घ्यायचा, इंजिन अडखळलं की हळूहळू बाहेर, जिथे आवाज सगळ्यात गोल होतो तिथे सोडायचा. जुन्या पद्धतीच्या कार्बला हा स्क्रू अडीच फेऱ्यांच्या बाहेर जायला लागला तर आयडल जेट लीन, म्हणजे पेट्रोल कमी देणारा, आहे असं समजा. माझ्या गाडीत ४५एफ८ होता. चालत होता, पण अडीच हजारावर हलक्या पायाने एक बारीक हिसका यायचा. एफ८ म्हणजे जेटच्या हवेच्या भोकाचा क्रमांक. त्याची क्रमवारी आकड्यांच्या क्रमाने जात नाही, ती तक्त्यातच बघावी लागते. एफ९ त्याच्याहून किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जास्त देणारा. ४५एफ९ घातला आणि हिसका गेला. पीयूसीला गाडी नेली तेव्हा जुन्या गाड्यांसाठीच्या तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेच्या बरीच आत होती.

दोन कार्बची हवा सारखी करायला सिंक्रोमीटर वापरतो. तो नसेल तर पेट्रोलच्या नळीचा वावभर तुकडा एका टोकाने कानाला आणि दुसऱ्या टोकाने एकेका तोंडाशी धरायचा, फूत्कार सारखा ऐकू आला पाहिजे. दोन्ही कार्ब जोडणारा दांडा सैल करून हे करायचं आणि मग दांडा न ओढता, न ढकलता बांधायचा.

मेन जेटचा जुना नियम साधा आहे: व्हेंच्युरी गुणिले चार. २८ ला ११२, म्हणून ११५ ने सुरुवात. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचे शतांश मिलिमीटर, ११५ म्हणजे १.१५ मिमी. एअर करेक्टर, म्हणजे त्या पेट्रोलमध्ये हवा सोडणारा जेट, मेनपेक्षा पन्नासेक जास्त. इमल्शन ट्यूब (ही हवा पेट्रोलमध्ये मिसळणारी भोकांची नळी) सिलिंडरच्या आकारमानावरून, २९३ सीसीला एफ११. नियम जुने असले तरी सुरुवात चांगली करून देतात.

पण ते नियम लिहिले गेले तेव्हा पेट्रोल नुसतं पेट्रोल होतं. आता पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे, आणि आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवण्यात पुढे आहेत. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. दोन्ही मिसळून ई-२० चं गुणोत्तर येतं साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन हवं. जेटमधून जाणारं इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे व्यास चार टक्क्यांनी वाढवला की पुरतं. ११५ चे चार टक्के धरा, येतो १२०. बरोबर एक पायरी. गणित कागदावर केलं आणि गाडीत घातलं, गेजवरचा आकडा जिथे यायला हवा तिथे आला. त्या दिवशी मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

गेजबद्दल एक खुलासा, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सायलेन्सरच्या नळीत बसवायचा वाइडबँड सेन्सर हवा-इंधनाचं वजन मोजत नाही. तो लॅम्डा मोजतो, म्हणजे पूर्ण जळण्यापेक्षा मिश्रण किती कमी-जास्त आहे ते, आणि पडद्यावर त्याचा पेट्रोलच्या भाषेतला आकडा दाखवतो. त्यामुळे ई-२० आहे म्हणून लक्ष्य बदलायचं नाही. पूर्ण थ्रॉटलला १२.८ च्या जवळ, हलक्या पायाला १४ च्या आगेमागे, जुनेच आकडे. बदलायचे ते जेट.

पूर्ण थ्रॉटलची चाचणी सरळ रस्त्यावर करणं मला मान्य नाही. चढाचा घाट पुरतो. दुसऱ्या गिअरमध्ये, पहाटे, मोकळ्या चढावर इंजिन पूर्ण भाराखाली येतं आणि वेग मात्र माफक राहतो. शेजारी बसलेला माणूस गेज वाचतो, चालवणारा फक्त रस्ता बघतो. साडेपाच हजाराच्या वरचं काम पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, केलं. तिथे दिसलं की वर जाता जाता आकडा बाराच्या खाली घसरतोय, म्हणजे रिच. मेन जेट सगळ्या पट्ट्यावर परिणाम करतो, एअर करेक्टर मुख्यतः वरच्या टोकाला. म्हणून मेन तसाच ठेवून करेक्टर १७० चा १८५ केला आणि रेषा सपाट झाली. पंप जेट (पाय दाबताच पेट्रोलची पिचकारी देणारा) ३५ चाच ठेवला. अचानक पाय दाबल्यावर काळा फुसकारा दिसला तर लहान करायचा, उसळी अडली तर मोठा, त्यात फार विचार नाही.

उंचीचं लोक फार मनावर घेतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा तळकोकणापेक्षा पाचेक टक्के विरळ. पण कार्बच्या स्वभावामुळे मिश्रणात फरक त्याच्या निम्माच पडतो आणि जेटच्या व्यासात त्याच्याही निम्मा. म्हणजे इथे १२० चालत असेल तर पणजीला १२१ आणि काही दशांश, एका पायरीच्या कितीतरी आत. महाबळेश्वरला उलट्या बाजूने अर्धी पायरी. महाराष्ट्र-गोव्यात फिरणाऱ्याने उंचीसाठी जेट बदलू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. लडाखला निघालात तर वेगळी गोष्ट.

ई-२० चा दुसरा त्रास जेटने सुटत नाही. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात आणि आतून सोलतात, त्यांचे काळे कण थेट आयडल जेटमध्ये जाऊन बसतात. मी टाकीपासून कार्बपर्यंत सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आणि कार्बच्या तोंडाशी बारीक फिल्टर दिला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर फ्लोटच्या टाकीत पांढरी भुकटी धरते. गाडी ठेवायची असेल तेव्हा पंप बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, टाक्या बऱ्याच रिकाम्या होतात. आणि जेट तारेने टोकरू नका. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. पितळ मऊ असतं, तारेचा एक ओरखडा १२० चा १२२ करतो आणि वर आकडा १२० च राहतो.

काय गमावलं तेही सांगायला हवं. चार नळ्या वेगळ्या झाल्यामुळे व्हॅक्यूम धडधडता मिळतो, त्यामुळे त्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ पुढे घेणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा उपयोग राहिला नाही. गावात पेट्रोल पूर्वीपेक्षा नक्कीच जास्त लागतं. मे महिन्यात दुपारी गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू केली तर एक्झॉस्टच्या उष्णतेने कार्बमधलं पेट्रोल उकळलेलं असतं आणि स्टार्टर जरा जास्त फिरवावा लागतो. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घातलाय, दोन्ही बाजूंना हवेची फट ठेवून. त्याने बराच फरक पडला. एक्झॉस्टला कापडी पट्टी गुंडाळणं अजून बाकी आहे, ते या उन्हाळ्याच्या आत करीन.

अण्णांचा लाकडी पॅटर्न अजून माझ्या शॉपमध्ये शाबूत आहे, कोअर बॉक्ससकट. कोणाकडे ए१२ असेल आणि ४० ची जोडी हाताशी असेल तर खाली लिहा. सहा मिमी भिंतीचाच ओतून देईन, पोर्ट मात्र तुमच्या हेडच्या पॅकिंगवर तुम्हीच घासून घ्या.